पंधराशेला नावं ठेवताना

२०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहाही जागांवर महाविकास आघाडीच्या हाती भोपळा आला. त्याच वर्षी लोकसभेला याच कोल्हापूरनं काँग्रेसच्या शाहू महाराजांना निवडून दिलं होतं. मग सहा महिन्यांत काय बिनसलं? ‘लाडकी बहीण’, असं सगळे म्हणतात. पण योजनेपेक्षा, विरोधकांनी तिला दिलेलं उत्तर मला जास्त चुकलेलं वाटतं.

जूनच्या अर्थसंकल्पात दरमहा दीड हजारांची घोषणा झाली आणि लगेच सुरू झालं, ही मतांची लाच, तिजोरी रिकामी होणार! नोव्हेंबरात मात्र हीच मंडळी तीन हजारांची ‘महालक्ष्मी’ घेऊन आली. अहो, दीड हजार ही उधळपट्टी, तर तीन हजार काय? बचत गटातल्या बायका हिशोबाला पक्क्या. खात्यात जमा झालेले साडेसात हजार खरे की भाषणातले तीन हजार, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

आणि ‘दीड हजारांत विकल्या’ हे शब्द! कष्टकरी बाईच्या ते जिव्हारी लागतात. सत्ताधारीही काही कमी नव्हते. पैसे घेऊन काँग्रेसच्या सभेला जाणाऱ्या बायकांचे फोटो काढा, असं भाजपचे खासदार धनंजय महाडिक इथल्याच प्रचारसभेत म्हणाले. नंतर त्यांनी माफी मागितली. म्हणजे एकाला आम्ही विकाऊ, दुसऱ्याला मिंध्या!

मला विचाराल तर विरोधकांनी पहिल्याच आठवड्यात सांगायचं होतं, ‘हे पैसे तुमच्या हक्काचे, आम्ही आलो तरी बंद होणार नाहीत.’ आणि मग बायकांत बसून विचारायचं होतं, पंधराशे आले ते गेले कुठं? आमच्याकडं कितीतरी जणींचे मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात जातात. योजनेचे अर्ज भरून घेणाऱ्या अंगणवाडी ताई आदल्याच हिवाळ्यात मानधनासाठी संपावर होत्या, तो प्रश्नही तयारच होता. बोली वाढवण्याच्या नादात हे सगळं राहून गेलं.

महायुतीनं ५ नोव्हेंबरला कोल्हापुरातच २१०० रुपयांचं वचन दिलं होतं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते कुठंच दिसलं नाही. त्याचा जाब जरूर विचारावा, पण बाईच्या बाजूनं उभं राहून, तिला ‘बघा, फसलात ना’ असं हिणवत नव्हे.

हल्ली कुठल्याही पक्षाचा माणूस गटाच्या बैठकीला आला की मी हप्त्याचं कार्ड त्याच्यापुढं ठेवते आणि याचं काय करणार ते सांगा म्हणते. बहुतेकांना पुढच्या कार्यक्रमाची घाई असते.