तण काढावे, शेत जाळू नये



पिकात तण माजले की आपण खुरपे घेऊन वाकतो. कोवळे तण हाताने उपटते, हराळी-कुंदा खोल खणून काढावा लागतो. ज्याला जसे हत्यार, तसे ते वापरावे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तणाच्या रागाने उभ्या शेताला काडी लावणारा माणूस मात्र गावात शोधून सापडणार नाही. शिक्षेच्या बाबतीतही हाच हिशेब लागू आहे. आज गांजा-अफूच्या कायद्याबद्दल दोन शब्द सांगावयाचे आहेत. हा विषय आपल्या घरापासून दूरचा आहे असे वाटत असेल, तर थोडा धीर धरून पुढे वाचा.

अंमली पदार्थांविरुद्धचा सध्याचा कायदा १९८५ सालचा. मूळ कायद्यात अफू, चरस, हेरॉईन यांच्यासाठी कमीत कमी १० वर्षांची सक्तमजुरी होती. स्वतःच्या सेवनापुरती अगदी थोडी वस्तू सोडली, तर वजन किती याचा विचार नव्हता. २००१ साली दुरुस्ती होऊन वजनाच्या पायऱ्या आल्या. गांजाचेच घ्या. १ किलोपर्यंत थोडी मात्रा. तिला आज १ वर्षापर्यंत कैद. २० किलोच्या वर गेले की व्यापारी मात्रा. तिला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २० वर्षे, शिवाय १ लाखापासून २ लाखांपर्यंत दंड. दोहोंच्या मधल्या मात्रेला १० वर्षांपर्यंत. पायऱ्या आल्या हे चांगलेच झाले. परंतु त्याच दुरुस्तीने गांजाची झाडे लावण्याची कमाल शिक्षा ५ वर्षांवरून १० वर्षांवर गेली आणि तिथे पायऱ्या ठेवल्याच नाहीत. तुरीच्या ओळीत चार रोपे लावणारा आणि एकरभर मळा पिकवणारा, दोघांसाठी कलम तेच.

आता २० किलो म्हणजे किती? आपल्या गव्हाच्या ५० किलोच्या पोत्याचे अर्धे पोतेसुद्धा नव्हे. हे पोते कोणाच्या अंगावर सापडते? ज्याने माल विकत घेतला, ज्याने पैसा लावला, तो रात्री रस्त्यावर उभा राहत नाही. सापडतो तो टेम्पोचा ड्रायव्हर, हजार-दोन हजारांसाठी पिशवी पोचवणारा पोरगा, नाहीतर शेतावर राखणीला असलेला मजूर. कायदा वजन मोजतो, पण त्या धंद्यात माणसाचे काम काय होते, त्याच्या पदरात किती पडले, हे फारसे मोजत नाही. शिक्षेची खालची मर्यादाच १० वर्षे ठरलेली, म्हणून न्यायाधीशाला दया आली तरी तिच्याखाली जाता येत नाही. ह्यालाच आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

दुसरी गोष्ट जामिनाची. व्यापारी मात्रेच्या खटल्यात आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे आणि बाहेर गेल्यावर तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते, तरच जामीन. म्हणजे साक्षीपुरावा होण्याआधीच निर्दोष ठरण्याजवळ पोचावे लागते! आणि खटला काही महिन्या-दोन महिन्यांत उभा राहत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. चारांत तीन!

घरचा कर्ता असा आत गेला की काय होते ते तुम्हां-आम्हांला सांगायला नको. पहिल्या तारखेला वकिलासाठी बैलजोडी विकली जाते. दुसऱ्या वर्षी पेरणी वाट्याने द्यावी लागते. सोसायटीचे कर्ज थकते, पोराची शाळा सुटते, मुलीचे लग्न अडते. निकाल निर्दोष लागला तरी गेलेले हंगाम परत येत नाहीत. शिक्षा एकाला, आणि भोगणारे घर सगळे.

हे सर्वोच्च न्यायालयाच्याही ध्यानात आलेले आहे. १९९४ साली त्याने सांगितले की ज्यांना किमान १० वर्षांची शिक्षा होऊ शकते असे ह्या कायद्याखालचे कच्चे कैदी ५ वर्षे आत राहिले असतील, तर त्यांना जामिनावर सोडावे. २०२३ साली गांजाच्या एका खटल्यात २०१५ पासून कैदेत असलेल्या माणसाला जामीन देताना न्यायालयाने म्हटले, की खटला अकारण लांबत असेल तर ह्या कडक कलमाखालीही जामीन देता येतो. गरीब कैद्याचा रोजगार बुडतो आणि कुटुंबाची पांगापांग होते, हेही त्या निकालात नमूद आहे. पण एकेका निकालाने एकेकाची सुटका होते. कायदा बदलला तर हजारोंची होईल.

कोणी विचारील, 'मग नशेचा व्यापार करणाऱ्यांना मोकळे सोडायचे काय?' मुळीच नाही. ज्या माउलीचा मुलगा व्यसनाने वाया गेला, तिच्या दारात जाऊन असे बोलण्याची कोणाची छाती नाही. पैसा लावणाऱ्या, टोळी चालवणाऱ्या माणसाला जबर शिक्षा हवीच. मात्र त्या मुलालाही कोठडीत टाकून माउलीचे दुःख हलके होत नाही. व्यसन हा आजार आहे. सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वखुशीने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा थोड्या मात्रेचा खटला चालू नये, अशी सवलत ह्याच कायद्यात आहे. तिचा उपयोग व्हावा एवढी उपचाराची सोय प्रत्येक तालुक्याला का असू नये?

माणसावर विश्वास टाकण्याचा प्रयोग आपल्या मातीला नवा नाही. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तिथे कैद्यांना भिंतीआड न कोंडता शेती करू दिली, बायकापोरांसह राहू दिले. त्याच प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि १९५७ साली शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. तो पाहून डोळे पुसणाऱ्यांनी खुल्या तुरुंगांची संख्या वाढवा असे म्हणायला काय हरकत आहे?

तेव्हा मागणे चार गोष्टींचे आहे. शिक्षा ठरवताना वजनाबरोबर त्या माणसाचे कामही पाहावे. हमाल आणि मालक यांना एकच किमान शिक्षा नसावी. खटल्याला मुदत असावी, ती टळली की जामीन मिळावा. आणि व्यसनी माणसाला आधी दवाखाना दाखवावा. ग्रामसभेत ह्यावर ठराव करून आपल्या खासदारांकडे पाठवा. कायदा दिल्लीत बदलतो, पण त्याची गरज गावातून कळवावी लागते.

तोवर आपले घर सांभाळा. जमीन वाट्याने किंवा खंडाने दिली असली तरी अधूनमधून सगळ्या शिवारातून, उसाच्या आणि मक्याच्या आतल्या सऱ्यांतूनसुद्धा, फेरी मारा. कोणी गांजाची झाडे लावलेली दिसली तर ताबडतोब पोलिसांना लेखी कळवा आणि पोच घ्या. जमीनधारकाने हे कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. जाणूनबुजून गप्प बसणे हाच गुन्हा ठरतो. सरपंच, पंच व गावकामगारांवरही तशीच जबाबदारी आहे. पोरांना बजावून ठेवा की अनोळखी माणसाची पिशवी किंवा पोते भाड्याच्या लोभाने गाडीत घेऊ नये. 'मला ठाऊक नव्हते' हे शाबीत करण्याचा बोजा ह्या कायद्यात आरोपीवरच पडतो.

आणि कोणी सापडलाच, तर बैलजोडी विकण्याआधी तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० ह्या क्रमांकावर फोन करा. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. ही भीक नव्हे. तो हक्क मागून घ्या, आणि शेजारच्या घरावर अशी वेळ आली तर त्यांनाही सांगा.