घानातील जिल्हासभा आणि पक्षबंदी
१९९२ च्या राज्यघटनेखाली ज्या घानाने २०००, २००८, २०१६ आणि २०२४ या चारही निवडणुकांत मतपेटीद्वारा शांततेने सत्तांतर घडविले, त्याच देशात जिल्हासभेच्या निवडणुकीत पक्षांना मज्जाव असावा आणि ३० टक्क्यांपर्यंत सभासद व जिल्ह्याचा मुख्य कारभारी राष्ट्राध्यक्षाने नेमावा, ही विसंगती मला चिंत्य वाटते. पक्षबंदीने गावगाडा निष्पक्ष होतो हा समज भाबडा आहे. पक्ष पडद्याआड वावरतातच, केवळ त्यांना जाब विचारण्याची सोय उरत नाही. बंदी उठविण्यासाठी २०१९ मध्ये योजलेले सार्वमत ऐनवेळी रद्द झाले. मुख्य कारभाऱ्याच्या नेमणुकीस जिल्हासभेची मंजुरी लागते खरी; तथापि कारभारी लोकनियुक्त झाल्याखेरीज त्याची नजर रयतेपेक्षा राजधानी अक्राच्या हुकुमाकडेच राहणार.