टनाचं गणित
वन बीएचके फ्लॅट, बेडरूम जेमतेम दहा बाय बारा, आणि शोरूममधला सेल्समन म्हणतोय, ‘सर, दीड टनच घ्या, सेफ राहाल!’ जरा थांबा, बॉस. एसी म्हणजे खोलीतली उष्णता बाहेर फेकणारा हीट पंप. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॉट. एवढ्या खोलीला बहुतेकदा तो पुरतो. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट गार करतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. दमटपणा मात्र तसाच. इन्व्हर्टर वेग कमी करतो, पण त्यालाही मर्यादा आहेच. मग मुंबईच्या जूनमध्ये गारठाही आणि चिकचिकही! डोक्यावर थेट गच्ची किंवा पश्चिमेला मोठी खिडकी असेल, तर दीड टनाचा विचार करा. नाहीतर वाचलेल्या पैशांत जाड पडदे घ्या!