न पडताही खचणारे मन

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील घोडेगाव हे बाजाराचे गाव. कांद्याचे लिलाव, जनावरांचा बाजार आणि शनिशिंगणापूरकडे वळणारी वाहने यांमुळे येथील रस्ता क्वचितच शांत असतो. अशा गावात आयुष्यभर पेढी सांभाळलेल्या एखाद्या ज्येष्ठाची कल्पना करावी. पहाटे स्थानक, मग दुकान, सूर्यास्तापूर्वी जेवण, असा त्यांचा क्रम. एके दिवशी न्हाणीघरात त्यांचा पाय घसरतो. हाड मोडत नाही, चार दिवसांत सूजही उतरते. परंतु महिना उलटला तरी ते उंबरठा ओलांडत नाहीत.

घरचे काळजीने म्हणतात, "बाबा, आता तुम्ही बसूनच राहा. दुकानाचे आम्ही पाहतो." गल्ल्याच्या किल्ल्या मुलाकडे जातात, स्थानक सुटते, ओळखीच्या माणसांशी होणारे बोलणे थांबते. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो. तथापि येथूनच खरी घसरण सुरू होते.

पडण्याची भीती हा स्वतंत्र विकार म्हणून वैद्यकशास्त्राने अभ्यासला आहे. अमेरिकेतील डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये ही भीती मोजण्याची प्रश्नावली सिद्ध केली. अंघोळ, कपडे घालणे, खुर्चीवरून उठणे अशी साधी कामे न पडता करता येतील, असा विश्वास व्यक्तीला किती वाटतो, हे त्यात विचारले जाते. भीतीने चालणे कमी होते, चालणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. दुकान बंद ठेवले म्हणून भाडे थांबत नाही. शरीराचेही तसेच आहे.

या चक्रात नैराश्य दोन्ही बाजूंनी शिरते. घरात कोंडलेले मन खचते आणि खचलेल्या मनाला प्रत्येक पायरी डोंगराएवढी वाटते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढील सुमारे 8 टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची शक्यता आढळली. वृद्धांमधील नैराश्य नेहमीच अश्रूंतून प्रकट होत नाही. भूक मंदावणे, पहाटे लवकर जाग येणे, अंगदुखीच्या तक्रारी, "मी तुमच्यावर ओझे झालो" असे उद्गार, ही त्याची रूपे होत.

आपल्या घरांत एक गैरसमज विशेषत्वाने होतो. ज्येष्ठांचे जेवण कमी झाले, बोलणे थांबले की "त्यांना आता वैराग्य आले" असे म्हटले जाते. वैराग्याने चित्त शांत होते, सामायिकात मन रमते. नैराश्यात मात्र सामायिक, नातवंडे, दुकान यांपैकी कशातच गोडी उरत नाही. हा भेद ओळखणे कुटुंबाचे कर्तव्य आहे.

उपाय आवाक्यातले आहेत. न्हाणीघरात आधाराचा दांडा आणि खरखरीत फरशी असावी, रात्री वाटेत मंद दिवा असावा. सामायिकासाठी जमिनीवरून उठणे कठीण असेल, तर खुर्ची घेण्यात कमीपणा नाही. मोतीबिंदू, ब-12 व ड जीवनसत्त्वे आणि उभे राहताना उतरणारा रक्तदाब यांची तपासणी करावी. शाकाहारी घरांत ब-12ची उणीव सहज राहून जाते आणि तिने पायांना बधिरता व मनाला उदासी येऊ शकते. उपवास किंवा चौविहार करणाऱ्यांनी रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. झोपेच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही तोल जाऊ शकतो. मात्र ती परस्पर बंद करू नयेत. खुर्चीवरून उठ-बस करण्यासारखे व्यायाम तज्ज्ञांच्या सल्ल्याने रोज करावेत. मनाविषयी बोलण्यासाठी शासनाची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे "बसून राहा" हे शब्द टाळावेत. "बाबा, चला, मी सोबत येतो," असे म्हणावे. पहिल्या दिवशी अंगणापर्यंत, आठवड्याने कोपऱ्यापर्यंत, मग पेढीपर्यंत. तेथे पोहोचल्यावर एक तासभर का होईना, गल्ल्याची किल्ली त्यांच्या हाती द्यावी. पडू नये म्हणून हात धरणे ही सेवाच आहे. परंतु त्या हाताने त्यांना पुढेही न्यावे.