मालधक्क्यांचा हिशेब

मशीद बंदरचा बाजार आणि पी. डिमेलो मार्ग यांना जोडणारा जुना कर्नाक पूल 2022 च्या नोव्हेंबरात पाडला गेला व त्याच्या जागी बांधलेला पूल ‘सिंदूर’ या नावाने 2025 च्या जुलैत खुला झाला. वाहनांची सोय झाली, हे चांगलेच झाले. परंतु या पुलाच्या आसपास रुळांच्या कडेने वडाळ्यापर्यंत ज्या गुदामांच्या रांगा उभ्या आहेत, त्यांच्या भवितव्याचा विचार नागरिकांनी अद्याप मनावर घेतलेला दिसत नाही.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली गाडी प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. पहिली मालगाडी कधी सुटली, हे मात्र परीक्षेत कोणी विचारीत नाही! वस्तुतः घाट फोडून वऱ्हाडापर्यंत लोहमार्ग नेण्याचा खटाटोप झाला तो मुख्यतः कापसासाठी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाडी नागपुरास पोचली 1867 साली, म्हणजे ती तेजी ओसरल्यावर. तरीही कापूस येतच राहिला आणि 1870 मध्ये खामगावसारख्या बाजारपेठेसाठी जलंबहून स्वतंत्र फाटा निघाला.

हा कापूस मुंबईत उतरे कोठे? प्रथम टाउन हॉलपुढील मोकळ्या हिरवळीवर. 1844 मध्ये तो व्यापार कुलाब्यास हलविण्यात आला आणि पुढे तेथे बी. बी. सी. आय. रेल्वेचे स्थानकही झाले. ते स्थानक 1930 च्या अखेरीस बंद पडले. आज त्या जागी बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. दरम्यान पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी समुद्र हटवून नवी जमीन केली, तेथे कापसाची वखार वसविली आणि ‘कॉटन ग्रीन’ हे नावही कापसापाठोपाठ तेथे गेले. हार्बर मार्गाच्या स्थानकावर ते नाव रोज लाखो डोळे वाचतात. त्यात हिरवळ कोठली, असा प्रश्न कोणाला पडत नसावा.

1 जानेवारी 1915 रोजी पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे बॅलार्ड पिअर ते वडाळा अशी सुरू झाली. देशातून आलेली वाघीण गोदीच्या किंवा गुदामाच्या दारापर्यंत जाऊ लागली. इमारती तशाच घडल्या. ओटा वाघिणीच्या तळाइतका उंच, म्हणजे हमालाला ओझे घेऊन चढउतार नको. एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला बैलगाडीचा रस्ता. दारे रुंद, झरोके छताजवळ आणि पावसात माल भिजू नये म्हणून पुढे काढलेले छप्पर. या वास्तूंना शोभा नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्यांच्या मापांकडे एकदा नीट पाहावे. 14 एप्रिल 1944 च्या गोदीतील स्फोटाने या परिसराची राखरांगोळी केली. कापूस आणि सुमारे 1,400 टन स्फोटके एकाच जहाजात भरल्याचा तो परिणाम. त्यानंतरही गुदामे पुन्हा उभी राहिली, कारण रूळ होते आणि माल येत होता.

स्फोटाने जे झाले नाही, ते वाहतुकीच्या पद्धतीने केले. एकेक वाघीण भरून पाठविण्याची जुनी रीत ऐंशीच्या दशकात रेल्वेने सोडत आणली व सबंध गाडी एकाच मालाने भरून एकाच ठिकाणी नेण्याचे धोरण धरले. रेल्वेच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण दहा पोत्यांचा वा एका वाघिणीचा व्यापारी त्यामुळे मोटारट्रककडे वळला. 1989 मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, कंटेनर तिकडे गेले. दाणाबंदरचा घाऊक व्यापार वाशीस गेला आणि त्याच्यामागे माथाडीही. दादरीहून येणारी मालगाड्यांची स्वतंत्र मार्गिकाही आखली गेली ती न्हावा-शेव्याकडे. वाडीबंदरच्या आवारात पूर्वी वाघिणी लागत. तेथे आता वंदे भारतसारख्या प्रवासी गाड्यांची देखभाल होते.

अशा रीतीने गुदामे ओस पडली आणि पाहणाऱ्यास ती केवळ जमीन वाटू लागली. बंदराच्या ताब्यात सुमारे 1,800 एकर जागा आहे, हा आकडा प्रत्येक योजनेच्या पहिल्या पानावर असतो. राणी जाधव समितीने 2014 मध्ये अहवाल दिला, त्यानंतर आराखडेही निघाले. पूर्व किनारा लोकांना खुला व्हावा, उद्याने व्हावीत, यास आमचा विरोध नाही. कोंदटलेल्या या शहरास त्यांची गरजच आहे. मात्र मोडकळीस आलेली प्रत्येक वखार जतन करा, असा हट्ट जितका अव्यवहारी, तितकेच सरसकट सपाटीकरण अविचाराचे आहे.

व्हिक्टोरिया टर्मिनसला 2004 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या प्रासादाला ज्या व्यापाराने वैभव आणले, त्याचा एकही सलग पुरावा आपण ठेवणार नाही काय? सुटे गुदाम राखून त्यात उपाहारगृह थाटले, तर रुळाशिवाय त्या उंच ओट्याचा अर्थ कोणालाच कळणार नाही. म्हणून बंदर प्राधिकरणाने कॉटन ग्रीनच्या परिसरात रूळ, धक्का, वखार आणि कापूस बाजाराची इमारत असा एक तुकडा सलग राखावा. उरलेल्या प्रत्येक इमारतीची मोजणी, नकाशे आणि छायाचित्रे पाडकामाआधी करून ती जनतेस पाहावयास ठेवावीत आणि तेथे आजही धंदा करणाऱ्या भाडेकरूंना, मजुरांना पर्यायी जागा कोठे, याचे उत्तर लेखी द्यावे. ही मोजणी पुरी होईपर्यंत पाडकामाची एकही निविदा काढू नये.