आवाज न करणारा सूड

सातारा-सांगलीकडचा सूड म्हटला की आधी आठवतात ते वाळवा तालुक्यातल्या बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर. गावगुंड रंगा शिंदेचा खून, फरारी, जन्मठेप, मग सिनेमा. सगळं उघड्यावर, दिवसाढवळ्या.

‘देवमाणूस’ ही मालिका २०२० मध्ये झी मराठीवर आली आणि ही चौकट मोडली. २०१६ मध्ये वाईजवळच्या धोममध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडाची सावली तिच्यावर होती. इथलं हत्यार एकच, विश्वास. ज्याला गाव देव मानतं, त्याच्यावर संशय घ्यायलाही गावाला लाज वाटते. किरण गायकवाडचा डॉक्टर गोड बोलतो तेव्हा अंगावर काटा येतो. पार्श्वसंगीत बोंबलायला लागलं की तो काटा जातो.

मला मात्र अजून ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव जास्त भिववतो. १९७५ चा सिनेमा, निळू फुले, आणि आवाज क्वचितच चढतो. असा माणूस काय करू शकतो, ते कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला विचारा. निवडणुकीत विरोधात गेलात तर कोणी कुऱ्हाड घेऊन येत नाही. कारखान्याकडून तुमच्या उसाला तोडच मिळत नाही. फडाला तुरे येतात, वजन घटतं, सोसायटीचं कर्ज तसंच राहतं. पोलिसांत नोंदवायला गुन्हाच नसतो.

गुन्हेकथा लिहिणाऱ्यांनी गळिताचा एक हंगाम कारखान्याच्या गट ऑफिसात बसून काढावा.