शाळेचा शिपाई आणि शासनाचा हिशेब

मूल, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, चामोर्शी किंवा अहेरी यांपैकी कोणत्याही गावी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या माणसाला त्याच्या शाळेविषयी विचारावे. मुख्याध्यापकांची नावे त्याला क्रमाने सांगता येतीलच असे नाही. विज्ञान कोण शिकवीत असे, याविषयी दोन वर्गमित्रांत मतभेदही होईल. परंतु शाळेच्या शिपायाचे नाव, त्याची सायकल आणि घंटेवर टोला देण्याची त्याची पद्धत यांविषयी सहसा दुमत आढळत नाही. विदर्भातील जुनी मंडळी त्याला अद्यापि चपराशी म्हणतात. मुले मात्र काका म्हणतात किंवा नावापुढे भाऊ लावतात. तो सेवानिवृत्त झाला किंवा वारला म्हणजे नागपूर-पुण्याला स्थायिक झालेले माजी विद्यार्थी गावी येतात, शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात आणि बोलता बोलता एखाद्या वक्त्याचा कंठ दाटून येतो. त्या गहिवरात खोटे काहीच नसते. मात्र ज्या खुर्चीवर बसवून त्याचा सत्कार होतो, ती खुर्ची उचलून ठेवण्यासाठी उद्या शाळेत कोण असणार, हा प्रश्न त्या समारंभात सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न अप्रस्तुत नाही. महाराष्ट्र शासनाने ११ डिसेंबर २०२० रोजी काढलेल्या निर्णयात खाजगी अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे विद्यमान कर्मचारी निवृत्त होताच व्यपगत करण्याचे ठरविले आणि त्यांच्या जागी शाळांना ‘शिपाई भत्ता’ देऊ केला. हा भत्ता मुंबई-पुण्याच्या शाळांसाठी दरमहा १०,००० रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रांसाठी ७,५०० रुपये आणि ग्रामीण भागासाठी ५,००० रुपये असा ठरला. शिक्षकेतर संघटनांनी त्यास कडाडून विरोध केला. तो नोकरीच्या हक्काचा विरोध होता आणि रास्तही होता. परंतु या निर्णयामागे जो हिशेब आहे, तो हिशेब म्हणून तरी बरोबर आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर ५,००० रुपयांत दिवसाला १९२ रुपये पडतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर माती उचलणाऱ्या मजुराचा दर २३८ रुपये होता. ज्या राज्याने देशाला रोजगार हमीची कल्पना दिली, त्या राज्याने शाळेचे कुलूप ज्याच्या हाती द्यावयाचे त्या माणसाचे मोल खड्डे खोदणाऱ्यापेक्षा कमी ठरवावे, हे चमत्कारिक आहे. शिवाय खर्च जेथे अधिक तेथे भत्ता अधिक, हे सूत्र शहरापुरते ठीक असले तरी शिपायाची गरज जेथे सर्वांत जास्त, तेथेच त्यामुळे भत्ता सर्वांत कमी मिळतो.

ही गरज कोणती, हे सेवाशर्तींच्या नियमावलीत सापडणार नाही. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ चे नियम यांनी या माणसाला कर्मचारी म्हणून संरक्षण दिले, ही मोठीच गोष्ट होय. परंतु त्याच्या कामाचे जे वर्णन कागदावर येते, ते घंटा, झाडलोट, पाणी, टपाल आणि बँकेचा भरणा यांपुढे जात नाही. वास्तविक चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात शिपायाने केलेल्या कामातील मोठा भाग या यादीबाहेरचा असतो. रोवणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतात. मोहफुले पडू लागली की ऐन परीक्षेच्या तोंडावर मुले पहाटेच टोपली घेऊन झाडाखाली जातात. हजेरीपटावर अशा मुलापुढे शून्य मांडले की शिक्षकाचे काम संपते. तो मुलगा कोणत्या टोल्यावर राहतो, त्याच्या घरी कोण आजारी आहे आणि कोणाच्या शब्दाला त्याचा बाप मान देतो, हे शिपायाला ठाऊक असते. कारण तो त्याच पंचक्रोशीतला असतो. संध्याकाळी घरी जाताना तो वाट वाकडी करून निरोप देतो आणि दोन दिवसांनी मुलगा बाकावर दिसतो. या फेरीची नोंद कोठेही होत नाही.

भाषेचेही तसेच. एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील मूल पहिल्यांदा शाळेत येते तेव्हा त्याच्या कानावर माडिया पडलेली असते. गुरुजी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले आणि पुस्तक प्रमाण मराठीत. पोट दुखते हे त्या मुलाने सांगावयाचे कोणाला? बहुधा कामाठ्याला किंवा स्वयंपाकीणबाईला. दुभाष्याचे हे काम त्यांच्याकडे कोणी सोपविलेले नसते, त्याचा मोबदला तर नसतोच. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य लाभ म्हणतात, म्हणजे ज्याची किंमत कोणी मोजत नाही पण ज्याचा फायदा सर्वांना मिळतो, त्याचे याहून चपखल उदाहरण शोधावयास नको.

शिक्षकांना दोष देण्याचे येथे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी २०१७ साली आलेल्या बदली धोरणाने अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्यास बदली मागण्याचा अधिकार दिला. तो न्याय्य आहे. ज्यांची मुलेबाळे दूर आहेत, आईवडील वृद्ध आहेत, त्यांना जन्मभर जंगलात ठेवता येणार नाही. परंतु शिक्षक जाणार हे गृहीत धरले, की कोणी तरी राहणार हेही गृहीत धरावे लागते. आजवर जो राहत आला, तो चतुर्थ श्रेणीतला माणूस होय. नेमके तेच पद ‘अनावश्यक’ ठरावे, हा या धोरणातील विसंवाद आहे.

माणसे टिकली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण याच भागात आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला आणि १९७६ मध्ये तेथे निवासी शाळा सुरू झाली. त्या काळी नद्यांवर पूल नव्हते, पावसाळ्यात जगाशी संबंध तुटत असे. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचे नाव सर्वतोमुखी आहे; पण त्यांच्याबरोबर विलास व रेणुका मनोहर, गोपाळ फडणीस यांच्यासारखे सहकारी वर्षानुवर्षे तेथेच राहिले. माडिया समाजातील पहिले डॉक्टर म्हणून ओळखले जाणारे डॉ. कन्ना मडावी याच शाळेचे विद्यार्थी. ही माणसे ध्येयवादाने राहिली. शासकीय यंत्रणेला असा ध्येयवाद फर्मान काढून निर्माण करता येत नाही. कायम पद, नियमित वेतन आणि म्हातारपणाची शाश्वती ही त्या ध्येयवादाला व्यवहारात सापडलेली पर्यायी साधने होती, आणि त्यांच्या बळावर कित्येक सामान्य माणसे तीस-तीस वर्षे एका शाळेत टिकली. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना गेली, म्हणजे त्यातील एक साधन आधीच पातळ झाले होते.

चतुर्थ श्रेणी म्हणजे बुद्धीचीही चौथी पायरी, असा समज शिक्षकांच्या खोलीतही असतो. परभणीच्या १९९५ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारायण सुर्वे हे कधी काळी मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, हे अशा वेळी आठवावे. आणि साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र विकणाऱ्या लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांना कोणत्या वेतनश्रेणीत बसवावयाचे, हेही एकदा ठरवावे.

निवासी आश्रमशाळांत तर हा प्रश्न मुलांच्या जिवाचा आहे. २००१ पासूनच्या पंधरा वर्षांत राज्यातील आश्रमशाळांतील हजाराहून अधिक विद्यार्थी मरण पावले, आणि राज्यपालांच्या सूचनेवरून नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीला या मृत्यूंची चौकशी करावी लागली. ताप, सर्पदंश, बुडणे अशी कारणे ज्या ठिकाणी असतात, तेथे रात्री दोन वाजता जागे होणारे माणूस हाच पहिला उपचार असतो. ते माणूस कामाठी, पहारेकरी किंवा स्वयंपाकीण असते, आणि अनेक ठिकाणी ते वर्षानुवर्षे रोजंदारीवर असते. २०२५ मध्ये बाह्यस्रोतातून भरतीचे धोरण पुढे आले, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले. ठेकेदाराने पाठविलेला माणूस घंटा वेळेवर देईल, कदाचित अधिक वेळेवर देईल. पण अकरा महिन्यांच्या मुदतीवर आलेल्या माणसाला कोणते मूल रात्री घराच्या आठवणीने पळून जाऊ पाहते, हे कळेपर्यंत त्याची मुदत संपलेली असेल.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. सर्वच शिपाई पुण्यपुरुष नसतात. काही शाळांतून हे पद संस्थाचालकांच्या नातलगांची सोय म्हणून वापरले गेले. काही ठिकाणी शिपायाचा वेळ शाळेपेक्षा अध्यक्षांच्या शेतावर व स्वयंपाकघरात अधिक गेला. पटसंख्या घसरलेल्या शाळेत चार-चार शिपाई नकोत, हेही खरे. परंतु गैरवापर होतो म्हणून पदच नाहीसे करावयाचे, तर किती खाती शिल्लक राहतील याचा विचार सचिवालयाने करावा. योग्य मार्ग वेगळा आहे. जंगलव्याप्त तालुक्यांतील प्रत्येक शाळेत, मग पट कितीही असो, निदान एक पद कायम राहावे. त्यावर पंचक्रोशीतला उमेदवार घ्यावा आणि गोंडी-माडिया बोलता येणे ही त्याची अर्हता मानावी. आश्रमशाळेत रात्रीचे काम करणाऱ्यास कायम नेमणूक हवी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे राहतात. राज्याच्या सरासरीवर आखलेला पटसंख्येचा निकष तेथे लावला, तर तोट्यात जाणार नाही अशी शाळा क्वचितच सापडेल.

मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्यांनी या भागातील मुली मोठ्या संख्येने माध्यमिक शाळेपर्यंत आल्या. शाळा सुटल्यावर बस यावयास कधी अर्धा तास लागतो, कधी दीड. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या बाजूला अंधार पडल्यानंतर वाघाची भीती ही गोष्टीतली राहिलेली नाही. अशा वेळी मुलींबरोबर थांब्यावर उभा राहून शेवटची मुलगी गाडीत चढेपर्यंत जो घरी जात नाही, त्याचे पद येत्या निवृत्तीला व्यपगत होईल. त्यानंतर तेथे कोणी थांबावयाचे, याचा उल्लेख त्या शासन निर्णयात नाही.